आयपीआर कार्बीन: क्षारापासून बोरॉन-सिलिकॉनपर्यंत

कार्बीनचं (दोनच बंध आणि एक मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी असलेल्या कार्बनच्या रेणूचं) काम सुरू करणारे बरेच जण सरळ ग्लव्हबॉक्सकडे (निष्क्रिय वायूने भरलेल्या हवाबंद पेटीकडे) वळतात. त्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावून घ्यावा: मुक्त कार्बीन खरंच लागणार आहे का? पॅलेडियम, सोनं, तांबं, चांदी यांच्यासाठी बहुतेक वेळा लागत नाही. इमिडॅझोलियम क्षार (ज्यातून प्रोटॉन काढला की कार्बीन मिळतं तो), धातूचं साधं संयुग आणि पोटॅशियम कार्बोनेट एवढ्यावर काम होतं, तेही उघड्या हवेत. बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियमकडे जायचं असेल तर मात्र सुटका नाही. कार्बीन वेगळं काढावं लागतं आणि ते इतकं स्वच्छ लागतं की नेहमीच्या एनएमआरमध्ये (अणुकेंद्रांचे संकेत रेघांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) 'चांगलं' दिसणारा माल पुढच्या पायरीला दगा देतो. कार्बीन तयार करणं अवघड नाही. त्याच्याबरोबर जे काही येतं, ते काढण्यातच सगळा वेळ जातो.

पार्श्वभूमी दोन ओळींत. १९८८ मध्ये बर्ट्रांड यांच्या गटाने फॉस्फरस आणि सिलिकॉन यांच्या मधोमध बसलेलं, वेगळं काढता येणारं कार्बीन दाखवलं. १९९१ मध्ये आर्डुएंगो यांनी दोन अ‍ॅडमँटिल गट लावलेलं इमिडॅझोलचं कार्बीन स्फटिकरूपात मिळवलं, आणि ते २४० अंश सेल्सियसला वितळेपर्यंत टिकतं हेही नोंदवलं. इथे ज्याची कृती दिली आहे ते आयपीआर याच घराण्यातलं, म्हणजे नायट्रोजन असलेल्या वलयातलं कार्बीन (एनएचसी). दोन्ही नायट्रोजनांवर २,६-डायआयसोप्रोपिलफिनाइल गट, रेणुभार ३८८.६.

क्षार

पहिली पायरी डायइमीनची. २,६-डायआयसोप्रोपिलअ‍ॅनिलीन १७.७ ग्रॅम (१०० मिलिमोल), मिथेनॉल १०० मिलि, फॉर्मिक आम्लाचे काही थेंब. त्यात ४० टक्के जलीय ग्लायऑक्झाल ७.३ ग्रॅम (५० मिलिमोल) थोड्या मिथेनॉलमध्ये मिसळून हळूहळू सोडायचं. अ‍ॅनिलीन जुनं होऊन तपकिरी झालेलं असेल तर आधी कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करून घ्यावं. नाहीतर तो रंग शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. खोलीच्या तापमानाला ढवळत ठेवलं की पिवळा साका पडू लागतो. रात्रभर ठेवून गाळावा आणि थंड मिथेनॉलने गाळ स्वच्छ पिवळा निथळेपर्यंत धुवावा. सैद्धांतिक यील्ड १८.८ ग्रॅम, हाती त्याच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास येतं. एनएमआरमध्ये, क्लोरोफॉर्म-डी द्रावक घेऊन, ८.१ पीपीएमला इमीनची दोन प्रोटॉनची एकेरी रेघ दिसली आणि एनएचचा मागमूस नसला की पुढे जायला हरकत नाही.

दुसरी पायरी वलय बंद करण्याची. पूर्वी इथे डायऑक्झेनमधलं हायड्रोजन क्लोराइड वापरत. त्यात पाणी आणि आम्ल एकत्र आले की इमीन फुटतं आणि भांड्यात तपकिरी चिकटा जमतो. ट्रायमिथिलसिलिल क्लोराइडची पद्धत त्यापेक्षा कितीतरी बरी, कारण वलय बंद होताना सुटणारा ऑक्सिजन सिलिकॉन पकडून ठेवतो आणि मोकळं पाणी उरतच नाही. डायइमीन ३.७७ ग्रॅम (१० मिलिमोल), पॅराफॉर्माल्डिहाइड ०.३१ ग्रॅम, इथाइल अ‍ॅसिटेट ८५ मिलि, तापमान ७० अंश. त्यात सिलिल क्लोराइड १.२७ मिलि थोड्या इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये मिसळून पाऊण तास थेंबथेंब सोडायचं, नंतर दोन तास त्याच तापमानाला जोरात ढवळायचं. पॅराफॉर्माल्डिहाइड विरघळत नाही, ते तळाशी बसून राहिलं तर अर्धं डायइमीन तसंच उरतं. म्हणून ढवळणी कमी पडू देऊ नये. १० अंशांपर्यंत थंड करून गाळलं, इथाइल अ‍ॅसिटेट आणि ईथरने धुतलं की पांढरा, फार तर किंचित गुलाबी झाक असलेला क्षार मिळतो. रेणुभार ४२५, यील्ड ८० टक्क्यांच्या पुढे जाते. दोन नायट्रोजनांमधला प्रोटॉन क्लोरोफॉर्म-डीमध्ये १० पीपीएमच्या आसपास दिसतो. संहती आणि पाणी यांनुसार तो इकडे-तिकडे सरकतो, त्यामुळे दशांशाच्या फरकावर वेळ घालवू नये.

वाळवण्याच्या टप्प्यावर घाई केली की पुढे सगळं फसतं. क्षार वरवर कोरडा दिसतो, पण क्लोराइड आयन पाण्याला धरून ठेवतो. हिशेब करून बघा: ४.२५ ग्रॅम क्षारात वजनाने फक्त १ टक्का पाणी असलं तरी ते ४२ मिलिग्रॅम, म्हणजे २.४ मिलिमोल होतं. १० मिलिमोल बेसपैकी जवळजवळ चौथाई तिथेच संपतो. वर जे पोटॅशियम हायड्रॉक्साइड तयार होतं ते कार्बीनच्या वलयाला उघडायला कारण ठरतं. १०० ते ११० अंशांवर, चांगल्या पंपाच्या व्हॅक्यूमखाली, रात्रभर, तेही बारीक पूड करून. गोळ्यांच्या आतलं पाणी तसंच राहतं. कार्ल फिशरची (पाणी मोजण्याच्या चाचणीची) सोय असेल तर मोजूनच घ्यावं.

धातूसाठी आडवाट

ज्यांना फक्त उत्प्रेरक हवा आहे त्यांचं काम इथेच संपत येतं. सोन्यासाठी: डायमिथिल सल्फाइड लावलेलं सोन्याचं क्लोराइड २९५ मिलिग्रॅम (१ मिलिमोल), क्षार ४२५ मिलिग्रॅम, बारीक कुटलेलं पोटॅशियम कार्बोनेट एक तुल्यांक किंवा थोडं जास्त, कमीत कमी अ‍ॅसिटोन, ६० अंश, एक तास. डायक्लोरोमिथेनने सिलिकाच्या थरातून गाळावं, द्रावण आटवून पेंटेनने पांढरा साका पाडावा. द्रावणाला जांभळी झाक आली तर सोनं धातुरूपात सुटतंय असं समजावं. अशा वेळी बहुतेकदा सोन्याचं संयुगच जुनं असतं. तांब्यासाठी हीच कृती क्युप्रस क्लोराइड घेऊन चालते, पण वेळ पूर्ण दिवसाचा द्यावा लागतो.

कार्बोनेटसारख्या दुबळ्या बेसने इमिडॅझोलियमचा प्रोटॉन निघतोच कसा, असा प्रश्न हमखास येतो. मुक्त कार्बीन तिथे तयारच होत नाही. आधी धातूचं क्लोराइड आणि क्षार मिळून एक जोडक्षार बनतो, सोन्याच्या बाबतीत इमिडॅझोलियम आणि डायक्लोरोऑरेट यांचा. प्रोटॉन निघणं आणि कार्बन-धातू बंध जुळणं या दोन गोष्टी मग एकाच दमात होतात. कार्बोनेटची पूड जाडसर असेल तर हीच क्रिया रेंगाळते, कारण अ‍ॅसिटोनमध्ये ते विरघळत नाही आणि सगळा मामला कणांच्या पृष्ठभागावर चालतो.

पॅलेडियमसाठी ऑर्गन यांच्या गटाचं पायरिडीनवालं संयुग सोपं पडतं. पॅलेडियम क्लोराइड १७७ मिलिग्रॅम, क्षार १.१ मिलिमोल, पोटॅशियम कार्बोनेट ५ मिलिमोल, द्रावक म्हणून ३-क्लोरोपायरिडीन ४ मिलि, ८० अंश, १६ तास, हवेतच. पॅलेडियम क्लोराइड खलबत्त्यात बारीक करून घ्यावं. थंड झाल्यावर डायक्लोरोमिथेनने पातळ करून सिलिकातून गाळायचं. क्लोरोपायरिडीन व्हॅक्यूमखाली ऊर्ध्वपातन करून परत मिळवता येतं, आणि मिळवावंच. पिवळं घन पेंटेनने धुवून बाटलीत भरलं की झालं. ते हवेत टिकतं.

मुक्त कार्बीन: कोणता बेस

इथून पुढचं सगळं कोरड्या आर्गॉन किंवा नायट्रोजनखाली. भांडी १३० अंशांवर रात्रभर भट्टीत ठेवून गरम असतानाच बॉक्समध्ये घ्यावीत. टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान हा द्रावक) सोडियम-बेंझोफिनोनवर वाळवलेलं किंवा आण्विक चाळणीवर ठेवलेलं, पाणी १० पीपीएमच्या आत. हा आकडा हौसेखातर सांगितलेला नाही. ५ मिलि टीएचएफमध्ये ५० पीपीएम पाणी असेल तर ते ०.०१२ मिलिमोल भरतं. १० मिलिमोलच्या प्रयोगात ते जाणवणार नाही, पण ०.१ मिलिमोलच्या चाचणीत बारा टक्के कार्बीन गिळून टाकतं. छोट्या प्रमाणावरचे 'पुन्हा न येणारे' निकाल बऱ्याचदा एवढ्यामुळेच असतात.

सर्वांत प्रचलित बेस म्हणजे पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइड. छापील कृतींमध्ये तो थोडा जास्त घेतात. बोरॉन-सिलिकॉनच्या कामासाठी आमचा कल उलट आहे: क्षार थोडा जास्त, बेस कमी. क्षार ४.२५ ग्रॅम (१० मिलिमोल), टर्ट-ब्युटॉक्साइड १.०८ ग्रॅम (९.६ मिलिमोल), टीएचएफ ५० मिलि, खोलीच्या तापमानाला एक तास. कारण असं: उरलेला क्षार हेक्सेनमध्ये विरघळत नाही, गाळणीत अडकतो. उरलेला ब्युटॉक्साइड मात्र १०० ग्रॅम हेक्सेनमध्ये ०.२७ ग्रॅम आणि टोल्युईनमध्ये २.२७ ग्रॅमपर्यंत विरघळतो. अर्धा मिलिमोल जादा ब्युटॉक्साइड म्हणजे ५६ मिलिग्रॅम, तो आपल्या मालाबरोबर सहज निघून येतो. पुढे बोरॉन ट्रायब्रोमाइड घातलं की बोरॉनवर ब्युटॉक्सी गट चढलेली भेसळ मिळते.

या कृतीत १० मिलिमोलमागे जवळजवळ ०.७ ग्रॅम टर्ट-ब्युटॅनॉलही तयार होतं. ते ८२ अंशांना उकळतं, टीएचएफ ६६ ला. पंप लावल्यावर टीएचएफ आधी निघून जातं आणि अल्कोहोल कार्बीनच्या इलेक्ट्रॉन-जोडीला हायड्रोजन बंधाने चिकटून मागे राहतं. यावर उपाय म्हणजे कोरडं करून १० मिलि टोल्युईन घालणं, पुन्हा कोरडं करणं आणि हे दोन-तीनदा करणं. मग कोमट हेक्सेन १०० ते १५० मिलि, सेलाइटमधून (गाळण्यासाठी वापरतात ती मातीची बारीक पूड) गाळणं, आटवणं आणि उणे ३० अंशांवर स्फटिकीकरण.

सेलाइटबद्दल वेगळं सांगायला हवं. तिच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट आणि ओल दोन्ही असतात. १५० अंशांपेक्षा वर, व्हॅक्यूमखाली, रात्रभर न तापवलेली सेलाइट कार्बीनला परत प्रोटॉन देते. गाळणी पांढऱ्या चिखलाने तुंबते आणि दोष बारीक पोटॅशियम क्लोराइडवर ढकलला जातो. अर्थात तेही खरोखर तुंबवतं. मिश्रण तासभर तसंच ठेवून गाळ बसू द्यावा, वरचा नितळ भाग आधी गाळावा. सेंट्रिफ्यूज असेल तर प्रश्नच मिटला.

केएचएमडीएस, म्हणजे पोटॅशियम हेक्सामिथिलडायसिलाझाइड, वापरलं (९.६ मिलिमोलला १.९२ ग्रॅम) तर टोल्युईनमध्येच काम होतं. सुटणारं अमीन १२५ अंशांना उकळतं, त्यामुळे पंपाला वेळ द्यावा लागतो. पण ते कार्बीनला अल्कोहोलइतकं घट्ट धरत नाही. याचा लिथियमवाला भाऊ आम्ही टाळतो, कारण लिथियम कार्बीनशी जोडून राहतं.

सर्वांत स्वच्छ माल सोडियम हायड्राइडने मिळतो: १२ मिलिमोल, म्हणजे ०.२९ ग्रॅम तेलविरहित पूड, जोडीला ब्युटॉक्साइड ५ टक्के, टीएचएफमध्ये रात्रभर. ब्युटॉक्साइड प्रोटॉनची ने-आण करतो, हायड्राइड त्याला परत ताजा करतो आणि उपउत्पादन म्हणून मिठाखेरीज फक्त हायड्रोजन वायू सुटतो. १० मिलिमोलला तो खोलीच्या तापमानाला सुमारे २४० मिलि भरतो. बंद झाकणाच्या बाटलीत ही क्रिया ठेवणं म्हणजे बाटली फोडून घेणं. झाकण सैल ठेवावं किंवा बबलरला जोडावं. हायड्राइडबरोबर डीएमएफ किंवा जास्त डीएमएसओ घेण्याचा विचारही करू नये. तापल्यावर ती मिश्रणं स्फोटक रीतीने विघटित होतात. शेवटी उरणारा पाच टक्के अल्कॉक्साइड मात्र स्फटिकीकरणातच मागे टाकावा लागतो, त्यामुळे ती पायरी इथे वगळता येत नाही.

खरंच शुद्ध आहे का

एनएमआर बेंझीन-डी६ मध्ये घ्यावा. क्लोरोफॉर्म-डी वापरू नये, कार्बीन त्याच्याशी लगेच भिडतं. डायक्लोरोमिथेनचंही तेच. वलयाच्या मागच्या दोन प्रोटॉनची रेघ ६.६ ला, आयसोप्रोपिलचा सप्तक २.९६ ला, मिथिलचे दोन दुहेरी १.२८ आणि १.१८ ला. आता नजर बाकीच्या जागांवर न्यावी: १.०५ ला टर्ट-ब्युटॅनॉल, ०.१ ला सिलिल अमीन, ०.२९ ला ग्रीस, २.११ ला टोल्युईन, ३.५७ आणि १.४० ला टीएचएफ. टोल्युईन थोडं राहिलं तर बिघडत नाही, वजनात धरून चालता येतं. अल्कोहोलची बारीकशी रेघ दिसली तरी माल परत टोल्युईनच्या चक्राला लावावा.

इथे एक फसगत आहे. इमिडॅझोलियम क्लोराइड बेंझीनमध्ये विरघळत नाही. म्हणजे मालात दहा टक्के क्षार असला तरी स्पेक्ट्रम निर्मळच येणार. नळी उजेडात धरून गढूळपणा आहे का ते बघावं, तेवढ्याने बरंच कळतं. नक्की आकडा हवा असेल तर अंतर्गत मानक वापरावं. कार्बीन आणि १,३,५-ट्रायमेथॉक्सीबेंझीन दोन्ही नीट तोलून एकाच नळीत घालावीत आणि दिसणारं प्रमाण वजनाच्या प्रमाणाशी ताडून बघावं.

कार्बन-१३ मध्ये आयपीआरचा कार्बीन कार्बन २२०.६ पीपीएमला असतो. ती रेघ दिसली नाही म्हणून कार्बीन नाही असा निष्कर्ष काढू नये. त्या कार्बनवर हायड्रोजन नाही, त्याला मूळ स्थितीला यायला वेळ लागतो. ५० मिलिग्रॅम अर्ध्या मिलिलिटरमध्ये, दोन स्पंदांमध्ये पाच सेकंद किंवा जास्त, असं ठेवलं तर दिसते. तरीही पसरट किंवा वरच्या क्षेत्राकडे (कमी पीपीएमकडे) सरकलेली आली तर प्रोटॉन देणारं काहीतरी शिल्लक आहे आणि ते कार्बीन-क्षार अशी झटपट अदलाबदल करतंय, असं समजावं. माल किती शुद्ध आहे हे सांगणारी सर्वांत प्रामाणिक खूण आम्ही हीच मानतो.

रासायनिक पडताळा हवा असेल तर गंधक. कार्बीन ३८९ मिलिग्रॅम, गंधक ३५ मिलिग्रॅम, टीएचएफ १० मिलि, खोलीचं तापमान. हवेत टिकणारं थायोन (कार्बन-गंधक दुहेरी बंधाचं संयुग) मिळतं आणि त्यानंतर क्लोरोफॉर्मही चालतो. गंधकाऐवजी सेलेनियम घेतलं तर पडताळ्याबरोबर लिगँडची ओळखही पटते, ती कशी ते पुढे येईल.

साठवण: घनरूपात, बॉक्समधल्या फ्रीजरमध्ये, उणे ३० अंशांवर. द्रावण करून ठेवू नये. कोरड्या ऑक्सिजनला आयपीआर फारसं घाबरत नाही, त्याचे वैरी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. कार्बन डायऑक्साइडशी ते लगेच पांढरं कार्बॉक्झिलेट बनवतं. श्लेंक लाइनवर (व्हॅक्यूम आणि निष्क्रिय वायूच्या जोडनळीवर) कोरड्या बर्फाच्या बादलीवर फ्लास्क उघडून काही घालायची सवय असेल, तर थंड द्रावणातून अचानक आलेला पांढरा साका बहुतेक वेळा तोच असतो. वलयात एकेरी बंध असलेलं भावंड, एसआयपीआर, पाण्याला आणखी कच्चं. पाण्याचा रेणू शिरतो, वलय उघडतं आणि फॉर्मामाइड हाती येतं.

बोरॉनपासून सुरुवात

नव्या मालाची पहिली परीक्षा बोरेनवर घ्यावी. आयपीआर ३८९ मिलिग्रॅम, टीएचएफ १० मिलि, २ मोलर बोरेन-डायमिथिल सल्फाइड ०.५३ मिलि, एक तास. मिळणारं संयुग (रेणुभार ४०२) हवेत टिकतं, सिलिकाच्या स्तंभातूनही सहीसलामत निघतं. बोरॉन-११ मध्ये उणे ३५ च्या आसपास चार रेघांचा गुच्छ येतो. यील्ड नव्वदच्या वर आली नाही तर महागडी पायरी सुरू करू नये.

बोरॉन ट्रायब्रोमाइडच्या वेळी द्रावक बदलावाच लागतो. ते टीएचएफचं वलय उघडतं आणि ईथर तोडतं. आयपीआर हेक्सेनमध्ये घेऊन, थंड करून, ट्रायब्रोमाइड हेक्सेनमध्ये पातळ करून थेंबथेंब सोडावं. जोडसंयुग पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसतं आणि न विरघळल्यामुळे आपोआप शुद्ध होतं. हेक्सेनने धुवून घेतलं की झालं.

पुढे क्षपण. रॉबिन्सन यांच्या गटाने २००७ मध्ये हेच जोडसंयुग ईथरमध्ये पोटॅशियम ग्राफाइटने क्षपित केलं आणि बोरॉन-बोरॉन दुहेरी बंध असलेलं डायबोरीन मिळवलं, बंधाची लांबी १.५६ अँगस्ट्रॉम. पण त्या बोरॉनांवर एकेक हायड्रोजन आहे आणि तो कुणी घातलेला नाही. क्षपण होताना तयार झालेल्या अस्वस्थ बोरॉनने तो द्रावकाकडून ओढून घेतला, असंच मानलं जातं. म्हणून या पायरीला 'कोणता द्रावक सोयीचा' असं विचारून भागत नाही, 'हायड्रोजन कुणाकडून जाणार' हे आधी ठरवावं लागतं. ब्राउनश्वाइग यांच्या गटाने २०१२ मध्ये तिहेरी बंधाचं डायबोराइन केलं, तेव्हा सुरुवातच दोन बोरॉन आधीच जोडलेल्या टेट्राब्रोमाइडपासून होती आणि क्षपक होता सोडियम नॅफ्थलेनाइड. मोकळं बोरॉन इकडे-तिकडे हात मारायला उरतच नाही.

सिलिकॉन

सिलिकॉन डायक्लोराइडचं आयपीआर-संयुग हे या क्षेत्रातलं सर्वांत उपयोगी मूळ द्रव्य, असं आमचं मत. रॉस्की यांच्या गटाची २००९ ची कृती साधी आहे: ट्रायक्लोरोसिलेन एक भाग, आयपीआर दोन भाग. एक कार्बीन हायड्रोजन क्लोराइड काढून घेतं, दुसरं उरलेल्या सिलिलीनला धरतं. १० मिलिमोल आयपीआरला ट्रायक्लोरोसिलेन ०.५१ मिलि, टोल्युईनमध्ये, थंडीत सुरुवात करून हळूहळू खोलीच्या तापमानाला आणायचं. ट्रायक्लोरोसिलेन ३२ अंशांना उकळतं, त्यामुळे सिरिंज आणि बाटली दोन्ही थंड असाव्यात. नाहीतर मोजलेलं प्रमाण भांड्यात पोचत नाही. अर्धं कार्बीन क्षार होऊन खाली बसतं. तो टाकू नये, सुमारे २.१ ग्रॅम असतो. धुऊन-वाळवून परत पहिल्या पायरीला लावावा. गाळलेल्या द्रावणात सिलिकॉन-२९ ची रेघ १९ पीपीएमला दिसली म्हणजे काम झालं. यात पाणी शिरलं तर गाळणीत चिकट सिलिका जमते आणि ती गाळायला सगळा दिवस जातो.

जर्मेनियम याहून सोपं. डायऑक्झेन लावलेलं जर्मेनियम डायक्लोराइड २३२ मिलिग्रॅम आणि आयपीआर ३८९ मिलिग्रॅम टोल्युईनमध्ये ढवळलं की डायऑक्झेन सुटतं आणि कार्बीन त्याची जागा घेतं. कार्बीन वाया न घालवता हात बसवायला ही कृती उत्तम.

शून्य ऑक्सिडेशन अवस्थेतल्या दोन सिलिकॉनांचं रॉबिन्सन यांचं संयुग २००८ चं. आयपीआर-सिलिकॉन टेट्राक्लोराइड आणि चार तुल्यांक पोटॅशियम ग्राफाइट, टीएचएफमध्ये. छापील यील्ड २३ टक्के आहे, म्हणून कमी माल आला तर खचू नये. १ मिलिमोलला टेट्राक्लोराइड-संयुग ०.५६ ग्रॅम, पोटॅशियम ग्राफाइट ०.५४ ग्रॅम. गडद लाल स्फटिक, सिलिकॉन-२९ ची रेघ २२४.५ ला, दुहेरी बंध २.२३ अँगस्ट्रॉम. इथे तुल्यांक काटेकोर लागतात. क्षपक कमी पडला की सिलिकॉनवर क्लोरीन राहिलेली मधली संयुगं मिसळतात, आणि जवळजवळ सारखीच विरघळत असल्याने ती वेगळी होत नाहीत.

कार्बीन आणि हायड्राइड एकत्र तापवू नयेत. सिलेन किंवा बेरिलियम हायड्राइडबरोबर १०० अंशांच्या आसपास नेलं की ते मूलद्रव्य कार्बन-नायट्रोजन बंधात घुसून पाच जणांचं वलय सहा जणांचं करतं, हे २०१२ पासून नोंदलेलं आहे. आणि गर्दी फार झाली तर कार्बीन पाठीमागच्या कार्बनने बांधलं जातं. टर्ट-ब्युटिल गटांचं कार्बीन आणि ट्रिस-पेंटाफ्लुओरोफिनाइल बोरेन हे याचं ठळक उदाहरण. ताजं मिश्रण हायड्रोजनचा रेणू फोडतं. ठेवून दिलं तर तेच मुकाट्याने चौथ्या कार्बनने जोडलेलं, निष्क्रिय संयुग बनतं.

दुसरा कार्बीन कधी घ्यावा

आयपीआर आणि आयमेस (त्याचंच भावंड, नायट्रोजनांवर २,४,६-ट्रायमिथिलफिनाइल गट) यांची इलेक्ट्रॉन देण्याची ताकद जवळजवळ सारखी. निकेल कार्बोनिलवर मोजलेला टोलमन आकडा (कार्बोनिलच्या कंपनाचा, कमी म्हणजे देण्याची ताकद जास्त) २०५१.५ आणि २०५०.७, तर ट्रायसायक्लोहेक्झिल फॉस्फीनचा २०५६.४. खरा फरक आकारात आहे. सोन्याच्या क्लोराइडवर व्यापलेली जागा आयपीआरची ४४.५ टक्के, आयमेसची ३६.५. आयमेसभोवती जागा मोकळी असल्याने सिलिकॉन-बोरॉनवर दोन-दोन कार्बीनं चढू शकतात. ते हवं असेल तर चांगलंच, नको असेल तर डोकेदुखी.

इलेक्ट्रॉन परत घेण्याची ताकद हवी असेल तर मात्र घराणंच बदलावं लागतं. त्यासाठी सेलेनियमची चाचणी, आकडा जितका मोठा तितकी ही ताकद जास्त. सेलेनियम-७७ ची रेघ आयपीआरच्या संयुगात ९० च्या आसपास येते, एसआयपीआरमध्ये १९० च्या आसपास, चक्रीय अल्किल-अमिनो कार्बीन म्हणजे सीएएसीमध्ये त्याच्याही बऱ्याच पुढे. २००५ मध्ये आलेल्या या सीएएसीमध्ये एका नायट्रोजनाऐवजी चार बंधांचा कार्बन आहे, म्हणून कार्बीनचा रिकामा कक्षक अधिक भुकेला. २००७ मध्ये त्यांनी हायड्रोजन आणि अमोनिया धातूशिवाय फोडून दाखवले. २०११ मध्ये दोन सीएएसींच्या मधे एक बोरॉन-हायड्रोजन एकक बसवून, लुईस बेससारखं वागणारं बोरॉन मिळालं. एनएचसीने ते जमवणं कठीण, कारण बोरॉनवरची इलेक्ट्रॉन-जोडी ठेवायला त्याच्याकडे पुरेशी जागा नाही. किंमतही मोजावी लागते. सीएएसीचा क्षार करायला पायऱ्या जास्त, मुक्त रूपात कार्बन-१३ ची रेघ ३०० च्या वर, आणि सी-एच बंधांशीही लगट करायची तयारी. ज्या प्रश्नाला आयपीआर पुरतं तिथे सीएएसी घेण्यात अर्थ नाही.

धातूविना उत्प्रेरणाकडे जाणाऱ्यांनी स्टीफन यांच्या गटाची २०१२ ची बोरेनियम संयुगं पाहावीत. त्यात एनएचसी लावलेल्या ९-बीबीएनवरून (दोन वलयांच्या एका बोरेनवरून) हायड्राइड काढून घेतात आणि उरलेला धनभारित बोरॉन इमिनांचं हायड्रोजनीकरण करतो. हायड्राइड काढण्यासाठी लागणारा ट्रायटिल (ट्रायफिनाइलमिथिल) क्षार कोरडा आणि फिका पिवळा असावा. ओला असेल तर धनभारित बोरॉन पाण्याचा पहिला थेंब स्वतःकडे ओढतो आणि उत्प्रेरण सुरूच होत नाही.

पोटॅशियम ग्राफाइट बनवणं आणि विझवणं

विकत घेण्यापेक्षा बनवलेलं बरं. ग्राफाइट आधी व्हॅक्यूमखाली तापवून कोरडं करायचं. १ ग्रॅम पोटॅशियमला ते २.४६ ग्रॅम, आर्गॉनखाली, १५० अंशांच्या थोडं वर. सगळी पूड कांस्यरंगी झाली की झालं. काळे ठिपके दिसले तर अजून ढवळावं. स्टर बार काचेचा घ्यावा. टेफ्लॉनला पोटॅशियम खातं, तो काळा पडतो आणि क्षपकाचे तुल्यांक बिघडतात. क्षपण झाल्यावर गाळणीत राहिलेली काळी पूड संपली असं समजून बॉक्सबाहेर काढू नये. न वापरलेलं पोटॅशियम आत असतं आणि ती हवेत पेट घेते. आर्गॉनखाली टोल्युईनमध्ये कालवून, बर्फावर ठेवून, आयसोप्रोपेनॉल थेंबथेंब घालावं. बुडबुडे पूर्ण थांबल्यावर थोडं मिथेनॉल, आणि अगदी शेवटी पाणी. गाळणीची काचही त्याच भांड्यात बुडवावी, कारण तिच्या छिद्रांत अडकलेली पूड मागाहून पेटते.